घर वाट बघतं, शेअर बघत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१. बाणेरला नवरा-बायकोच्या नावावर फ्लॅट, गृहकर्ज चालू. डोंबिवलीत वडिलांनी घेतलेला फ्लॅट आहे. वडील २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं. एक भाऊ आहे, आणि एक बहीण, जी लग्न होऊन मडगावला गेली. स्वतःच्या स्टार्टअपमध्ये १८ टक्के शेअर आहेत, शिवाय आधीच्या नोकरीतले वेस्ट झालेले, म्हणजे मुदत भरून हक्काचे झालेले, ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचे कर्मचाऱ्याला दिलेले ऑप्शन). पत्नी अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करते आणि तिला मूळ कंपनीचे आरएसयू, म्हणजे मुदत भरली की नावावर होणारे शेअर, मिळतात. मुलं ११ आणि ६ वर्षांची. "सगळीकडे नॉमिनी टाकून झालेत. मग मृत्युपत्राची खरंच गरज आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू?"

पुण्यात चोवीस वर्षं मी हेच काम करते आहे. वाटण्या, मृत्युपत्रं, हक्कसोडपत्रं. तुमच्यासारखी घरं गेल्या दहा वर्षांत फार वाढली आहेत. तर, गरज आहे. आणि सुरुवात घरापासून नको, ईसॉपच्या पत्रापासून करा.

माझ्याकडे २०१९ मध्ये एक बाई आल्या होत्या. नवरा हिंजवडीत नोकरीला होता, अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. बाईंच्या हातात प्लॅस्टिकचं फोल्डर होतं आणि त्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, तेही लॅमिनेट केलेलं. त्याच्या मागच्या बाजूला सभासदत्व बदलल्याची नोंद करायची असते. त्या प्लॅस्टिकवर सही करणार कशी, म्हणून सेक्रेटरींनी त्यांना परत पाठवलं होतं. एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. ते काम महिन्याभरात झालं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ह्यांना कंपनीचे काही शेअरपण मिळणार होते." चौकशी केली तेव्हा कळलं की योजनेनुसार वारसांना ऑप्शन एक्सरसाइज करायला, म्हणजे ठरलेले पैसे भरून शेअर घ्यायला, बारा महिने होते. पत्रं सगळी नवऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवर, आणि तो ईमेल मृत्यूनंतर आठवड्यात बंद झालेला. बाई आल्या चौदाव्या महिन्यात. कंपनीने सहानुभूती दाखवली, पण मुदत वाढवली नाही आणि तसं तिच्यावर बंधनही नव्हतं. फ्लॅट दहा वर्षं भांडणात पडून राहिला तरी जागेवर असतो. ऑप्शनची तारीख उलटली की हातात काही उरत नाही. म्हणून मी क्रम उलटा लावायला सांगते.

कायदा इथे कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे, पण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या भागभांडवल व कर्जरोखे नियमांतला बारावा नियम सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांच्या ईसॉपला लागू होतो. नोकरीत असताना कर्मचारी वारला, तर त्याला तोपर्यंत दिलेले सगळे ऑप्शन, वेस्ट न झालेलेसुद्धा, वारसांकडे किंवा नॉमिनीकडे वेस्ट होतात. चार वर्षांचं वेस्टिंग असेल आणि माणूस दुसऱ्याच वर्षी गेला, तरी पूर्ण ग्रँट मोजली जाते. पण "नोकरीत असताना" हे शब्द नीट वाचा. तुम्ही त्या कंपनीतून बाहेर पडला आहात, त्यामुळे हे संरक्षण तुम्हाला नाही. तुमच्या बाबतीत ती योजना जे म्हणते तेच लागू. काही कंपन्या नोकरी सोडणाऱ्याला तीन महिने देतात, काही कित्येक वर्षं देतात, आणि त्या मुदतीत माणूस गेला तर काय, हे योजनेच्या एखाद्या पोटकलमात दडलेलं असतं. ग्रँट लेटर (ऑप्शन दिल्याचं पत्र), योजनेची पूर्ण प्रत आणि नोकरी सोडतानाचं पत्र हे तिन्ही कागद आजच खासगी ईमेलवर घ्या आणि पत्नीला त्याच्या छापील प्रती द्या.

शिवाय एक्सरसाइज करायला पैसे लागतात. समजा १२,००० ऑप्शन आहेत आणि एक्सरसाइज किंमत १५० रुपये, तर आधी १८ लाख भरायचे, कराचा हिशोब त्यावर वेगळा. आणि हातात येतात ते बाजारात न विकता येणारे शेअर. नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई हा निर्णय कशाच्या बळावर घेणार? तुम्ही जिवंत असताना दोघांनी मिळून ठरवा: कंपनीचं मूल्य अमुक असेल तर घ्यायचे, नाहीतर सोडून द्यायचे. ते एका पानावर तारखेनिशी लिहून ठेवा. त्याला कायद्याचं बळ नसलं तरी तिला आधार मिळतो.

आता तुमच्या स्वतःच्या कंपनीतले १८ टक्के. संस्थापक इथे सगळ्यात निर्धास्त असतात, कारण शेअर "आपलेच" असतात. पण गुंतवणूकदाराचे पैसे घेताना तुम्ही भागधारक करारावर सही केली आहे आणि त्यात बहुधा संस्थापकांच्या शेअरांवरही वेस्टिंग आहे, उलट्या दिशेचं. म्हणजे ठरावीक काळाआधी तुम्ही बाहेर पडलात, तर न पिकलेले शेअर कंपनी किंवा उरलेले भागधारक दर्शनी, म्हणजे सर्टिफिकेटवर छापलेल्या नाममात्र किमतीला परत घेऊ शकतात. प्रश्न असा की मृत्यू म्हणजे "बाहेर पडणं" का? मी वाचलेल्या काही करारांत मृत्यू आणि राजीनामा एकाच ओळीत, एकाच परिणामासह लिहिलेले आहेत. तसं असेल तर तुमच्या पत्नीला कागदोपत्री कोट्यवधींच्या शेअरांचे काही हजार रुपये मिळतील.

हे बदलून घ्यायची वेळ पुढच्या फंडिंग राउंडची, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पुन्हा पैसे घ्याल तेव्हाची. प्रत्येक राउंडला करार नव्याने लिहिला जातो, वकील बसलेलेच असतात. तीन गोष्टी मागा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर सगळे शेअर त्या दिवशी पूर्ण वेस्ट धरावेत. कुणाला ते विकत घ्यायचेच असतील तर स्वतंत्र मूल्यांकनकाराने ठरवलेल्या किमतीला घ्यावेत. आणि कुटुंबाला कंपनीची वार्षिक माहिती मिळण्याचा हक्क लेखी असावा. समंजस गुंतवणूकदार याला सहसा नाही म्हणत नाही. हेच कलम कंपनीच्या नियमावलीतही उतरलं आहे का, ते पाहा. सहसंस्थापकांसाठीही तेच मागा, म्हणजे मागणी सगळ्यांची होते.

शेअर डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात, झालेत का, हेही तपासा. लहान कंपन्या वगळता बाकी खासगी कंपन्यांना ३० जून २०२५ पर्यंत ही सोय पूर्ण करायची होती. कागदी सर्टिफिकेट कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असलं तर वारसांचे सहा महिने ते शोधण्यात जातात.

आता नॉमिनी. नॉमिनी टाकलात ते चांगलंच केलंत, पण नॉमिनी मालक नसतो. तो वारसांसाठी वस्तू ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितलं, सरबती देवी प्रकरणात; २०१५ पासून मात्र आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर विमा कायद्यात वेगळी तरतूद आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत मधे काही वर्षं गोंधळ होता, कारण २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शेअरचा नॉमिनी हाच मालक असं म्हटलं होतं. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गोंधळ कायमचा मिटवला. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, नॉमिनेशनने नाही. गृहनिर्माण सोसायटीतही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये घातलेलं कलम १५४ब-१३ सांगतं की खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं. तात्पुरता, हा शब्द कायद्यातलाच आहे.

मग मृत्युपत्र नसताना बाणेरच्या फ्लॅटचं काय होईल? तुम्ही दोघं हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरते. बहुतेकांना वाटतं, दोघांच्या नावावर आहे, एक गेला की दुसऱ्याचं. आपल्याकडे तसं होत नाही. तुमचा निम्मा हिस्सा पहिल्या वर्गाच्या वारसांत सारखा वाटला जातो: पत्नी, दोन मुलं आणि आई. म्हणजे प्रत्येकी साडेबारा टक्के. पत्नीचे स्वतःचे पन्नास मिळून साडेबासष्ट होतात, मुलांचे मिळून पंचवीस, आईंचे साडेबारा. पुढे आई मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांच्या साडेबाराचे तीन भाग: तुमचा भाऊ, तुमची बहीण, आणि तिसरा तुमच्या मुलांचा. बाणेरचा फ्लॅट विकायला आता मडगावहून सही लागते. तुमच्या भावंडांच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत वाईट मनापेक्षा वेळेवर न मिळालेल्या सहीने जास्त घरं अडली आहेत.

मुलांचा हिस्सा तर आणखी अडतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या स्थावर मिळकतीतला हिस्सा विकायला किंवा गहाण ठेवायला आईलाही जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. हप्ता परवडत नाही म्हणून मोठं घर विकून लहान घ्यायचं, हा साधा निर्णयसुद्धा धाकट्याचं अठरावं सरेपर्यंत, म्हणजे बारा वर्षं, न्यायालयाच्या दारातून जाणार. तुमचा बाणेरचा हिस्सा मृत्युपत्राने सरळ पत्नीला द्या. मुलांची काळजी तीच घेणार आहे, तिचे हात बांधू नका. आईंसाठी घराच्या हिश्श्याऐवजी रोख तरतूद करा, ठरावीक रक्कम किंवा विम्याच्या एका पॉलिसीचे पैसे, आणि ते त्यांना तोंडाने आधी सांगा. मृत्युपत्र वाचताना पहिल्यांदा कळलेली गोष्ट मनाला फार लागते.

पत्नीच्या मृत्युपत्राकडे मी तुमच्याइतकंच लक्ष देईन, कारण कायदा तिच्या बाबतीत सरळ नाही. तुम्ही गेलात तर तुमच्या आईला हिस्सा आहे. ती गेली तर तिच्या आईवडिलांना काहीच नाही. हिंदू स्त्रीची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना जाते, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि तिचे आईवडील त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली बाई होती. तिने मागे ठेवलेली कमाई मिळाली सासरच्यांना, कारण मृत्युपत्र नव्हतं. हा निकाल वाचून मला आजही चीड येते, पण कायदा तोच आहे. तुमच्या पत्नीचे आईवडील तिच्या पाठवण्यावर अवलंबून असतील, तर तिने ते लिहून ठेवलंच पाहिजे.

तिच्या आरएसयूमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी आयटीतल्या कुटुंबांना अजिबात माहीत नसते. भारतात १९८५ नंतर मृत्यूवर कर नाही. अमेरिकेत आहे. तिथला नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर मृत्यूच्या दिवशी ६०,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीचे अमेरिकन कंपन्यांचे शेअर असतील, तर वरच्या रकमेवर तिथला इस्टेट टॅक्स लागतो, टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. अमेरिकन नागरिकांना असते तशी मोठी सूट आपल्याला नाही, आणि या करासाठी दोन देशांत करारही नाही. शेअर भारतात बसून मिळाले, यानं फरक पडत नाही. माझा सल्ला साधा आहे: वेस्ट होतील तसे विकत जावेत आणि पैसे इथे आणावेत, खातं त्या मर्यादेच्या खाली ठेवावं. तुमची स्वतःची कंपनी पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात मूळ कंपनी काढणार असेल, तर हाच प्रश्न तुमच्या १८ टक्क्यांना लागू होईल. ते ठरण्याआधी विचारा, नंतर नाही.

डोंबिवलीचा फ्लॅट वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत. तो २०१६ लाच चौघांचा झाला: आई, तुम्ही, भाऊ, बहीण, प्रत्येकी पाव. सोसायटीत आईंचं नाव लागलं तरी आई त्या पूर्ण फ्लॅटच्या मालक झालेल्या नाहीत. तो फ्लॅट भावाला द्यायचा असं घरात ठरलं असेल, तर आत्ताच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. ते अमुक व्यक्तीच्या लाभात, असं नाव घालून करा. नुसतं "मी हक्क सोडतो" लिहिलं तर तो सगळ्या सहहिस्सेदारांत विभागला जातो. तुम्ही तो पाव हिस्सा तसाच ठेवून गेलात, तर तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं नाव डोंबिवलीत येतं आणि भावाच्या पुनर्विकासाच्या करारावर न्यायालयाची परवानगी लागते. बहिणीच्या सहीसोबत मेहुण्यांचीही सही घ्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मिळकत सामाईक धरली जाते, आणि गोमंतकीय माणसाच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही वारशात तोच कायदा लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. आज एक सही जास्त झाली तर बिघडत नाही.

मृत्युपत्राचा कागद सोपा असतो. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्या प्रकरणात मी नोंदणी करायला सांगतेच. दोन साक्षीदार हवेत. ते ज्यांना काही मिळणार नाही असे, तुमच्यापेक्षा लहान वयाचे आणि पत्ता न बदलणारे असावेत, कारण वाद झाला तर त्यांपैकी एकाला न्यायालयात उभं राहावं लागतं. मुंबईतल्या मिळकतींसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती होती, ती भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ वगळून संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढली. पुण्यात ती आपल्यावर नव्हतीच.

शेअरांबद्दल लिहिताना आकडे घालू नका. "अमुक कंपनीचे दहा हजार शेअर" असं लिहिलं आणि कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, तर ते शेअर राहत नाहीत आणि मृत्युपत्रातलं ते दान निष्फळ ठरू शकतं. "माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या नावे असलेले सर्व शेअर आणि ऑप्शन, तसेच त्यांच्या बदल्यात मिळालेले किंवा मिळणारे शेअर व रक्कम" असं लिहा. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमा आणि त्याला ऑप्शन एक्सरसाइज करण्याचे, त्यासाठी इस्टेटमधून पैसे वापरण्याचे आणि शेअर विकण्याचे अधिकार स्पष्ट शब्दांत द्या. तो सहसंस्थापक नको. शेअर स्वस्तात मिळण्यात त्याचा फायदा असतो, आणि चांगल्या माणसाला अशा पेचात टाकू नये. कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर याचा तक्ता) वाचता येणारा जुना मित्र किंवा तुमचे सीए चालतील. मुलांचा पालक दोघांच्या मृत्युपत्रांत एकच असू द्या, आणि तुम्ही दोघं एकाच अपघातात गेलात तर काय, हेही लिहा. ते लिहिताना हात थांबतो, मला माहीत आहे. तरी लिहा.

कर्जाची बाजू विसरू नका. गृहकर्जात पत्नी सहकर्जदार आहे, म्हणजे पूर्ण हप्ता तिच्यावर येणार. तेवढ्या रकमेचा टर्म विमा हवा. संस्थापक म्हणून कंपनीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती देणी तुमच्या मागे राहिलेल्या मिळकतीतून वसूल होऊ शकतात. म्हणून नवी पॉलिसी घेताना ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. प्रस्तावासोबत एक जास्तीचा फॉर्म भरायचा असतो. त्या विम्याचे पैसे पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी धरले जातात, घेणेकऱ्यांचा हात तिथे पोचत नाही. जुन्या पॉलिसीला हे नंतर जोडता येत नाही.

खासगी ट्रस्टबद्दल हल्ली फार विचारणा होते. तुमच्या कुटुंबाला आज त्याची गरज मला दिसत नाही. घर ट्रस्टमध्ये टाकायला मुद्रांक शुल्क पडतं आणि शेअर टाकायला गुंतवणूकदारांची संमती लागते. घरात विशेष गरजा असलेलं मूल असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

तेव्हा या आठवड्यात ईसॉपची पत्रं आणि भागधारक करार बाहेर काढा. पुढच्या महिन्यात दोघांची मृत्युपत्रं करा. डोंबिवलीचं हक्कसोडपत्र गणपतीत सगळे एकत्र येतील तेव्हा करा, बहीण-मेहुणे असतीलच. आईंना गुडघ्यांमुळे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसचे जिने चढवत नसतील, तर गृहभेटीचा अर्ज करा, डॉक्टरांचा दाखला जोडा आणि फी भरा. निबंधक घरी येऊन त्यांची सही आणि अंगठा घेतात.